कॅसेटचे श्राद्ध आता पुरे

मराठीत अलीकडे एक नवा श्राद्धविधी रूढ झाला आहे. कुठल्या ना कुठल्या पुरवणीत, नाहीतर दिवाळी अंकाच्या शेवटच्या पानांत, कॅसेटवर एक हळवा लेख येतो. त्यात पेन्सिल असतेच. सुटलेली फीत त्या पेन्सिलीने गुंडाळण्याचे साग्रसंगीत वर्णन असते, टेपरेकॉर्डरने फीत गिळल्याची हकीकत असते, कोपऱ्यावरच्या दुकानात गाण्यांची यादी देऊन भरून घेतलेली साठ मिनिटांची कॅसेट असते, आणि शेवटी पिंडाला कावळा शिवावा तसा तो ठरलेला सुस्कारा येतो: गेले ते दिवस! वाचकही सुस्कारतो आणि पान उलटतो.

आमचा या सुस्काऱ्याला विरोध आहे. हळवेपणाचे आम्हांला वावडे नाही; परंतु हा हळवेपणा भलत्याच प्रेतावर रडतो आहे. वस्तू म्हणून कॅसेट सामान्यच होती. फिलिप्स कंपनीने १९६३ साली ती जगापुढे ठेवली तेव्हा संगीत हे तिचे मुख्य प्रयोजन नव्हते. माणसाचे बोलणे सोयीने टिपून ठेवणे, एवढीच माफक अपेक्षा होती. चार मिलिमीटरांहूनही अरुंद फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरांची मंद गती, आणि तेवढ्याशा रुंदीत दोन्ही बाजूंचे मुद्रण. अशा फितीतून स्वरांबरोबर सळसळ येणारच. दमट हवेत तिला बुरशी चढे, उन्हात डबी वाकडी होई. तिच्यासाठी गळा काढावा असे तिच्यात काही नव्हते.

ज्याच्याबद्दल बोलायला हवे ती गोष्ट निराळी आहे. एका श्रोत्याने आपल्या संग्रहातून काही निवडावे, ते विशिष्ट क्रमाने लावावे, डबीतल्या कागदावर त्याची नोंद करावी, आणि नावागावासकट माहीत असलेल्या दुसऱ्या एका श्रोत्याला ते पाठवावे. त्याने ते ऐकून, उत्तरादाखल स्वतः भरलेली कॅसेट परत धाडावी. महाराष्ट्रात, गोव्यात, कर्नाटकाच्या सीमाभागात अभिजात संगीताच्या रसिकांमध्ये हा व्यवहार सुमारे पाव शतक चालला. आमचे म्हणणे असे की हा व्यवहार छंद नव्हता, साठेबाजी नव्हती आणि चोरीही नव्हती. ती संगीताची समीक्षा होती. आणि छापील समीक्षेला जे जमले नाही ते तिने करून दाखवले. तिला आठवणींच्या माळ्यावर टाकून देणे म्हणजे एका अत्यंत गंभीर बौद्धिक परंपरेची टिंगल करणे होय.

हे विधान धाडसाचे वाटेल, म्हणून थोडे मागे जावे लागेल. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, अल्लादियाखाँ १९४६ साली. दोघांच्याही गाण्याचे ध्वनिमुद्रण आपल्याजवळ नाही. आहेत त्या आख्यायिका. गोविंदराव टेंबे यांचे 'माझा संगीत व्यासंग' असो, 'एकलव्य' या नावाने लिहिणारे केशवराव भोळे असोत, वा १९६१ सालचे वामनराव देशपांडे यांचे 'घरंदाज गायकी' असो, या लेखनाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. मराठीइतके संगीतावरचे मर्मज्ञ गद्य फार थोड्या भारतीय भाषांत असेल. पण वाचकाच्या बाजूने पाहा. लेखक सांगतो की अमुक बुवांनी अमुक मैफलीत अमुक रागाचे सोने केले. वाचक काय करणार? मान डोलावणार. साक्षीदार एकच, तोच वकील आणि तोच न्यायाधीश. वाद घालायला पुरावाच नाही, म्हणून वाद नाही. आणि जिथे वाद नाही तिथे हळूहळू भक्ती माजते. मराठी संगीतलेखनातील 'दैवी', 'अलौकिक', 'शब्दातीत' या शब्दांचा सुकाळ काही अंशी या पुराव्याच्या दुष्काळातून आलेला आहे.

अठ्ठ्याहत्तर गतीच्या तबकडीने थोडा पुरावा दिला. पण एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे. ख्याल म्हणजे सावकाश होणारा विस्तार. त्याचे तीन मिनिटांचे रूप हे नकाशावरचे गाव असते. लाँगप्ले आली तेव्हा ही मर्यादा वीस-बावीस मिनिटांवर गेली. पण गायक चाळिसाव्या मिनिटाला काय करतो, कल्पना आटत आली की तीच जागा तो पुन्हा कशी घेतो, श्रोत्यांतून दाद आली की बहकतो की सावरतो, हे मैफलीला हजर असलेल्यांनाच ठाऊक. आणि त्यांनाही एकदाच ऐकायला मिळालेले.

टेपने हे बदलले. प्रथम मोठ्या चकत्यांवरच्या स्पूल-टेपने, थोड्या श्रीमंत घरांत. आणि मग कॅसेटने, मध्यमवर्गीय घरांत. बैठकीत कुणीतरी कोपऱ्यात ठेवलेले यंत्र, आकाशवाणीच्या राष्ट्रीय संगीतसभेवरून रात्री जागून उतरवलेले गाणे, कुणा शिष्याने गुरूच्या अनुमतीने टिपलेली तालीम: हे सारे आता परत परत ऐकता येऊ लागले. एका वेळी एकाच माणसाला खरे वाटलेले आता दुसऱ्याने तपासून पाहणे शक्य झाले. तपासणी शक्य झाली त्या क्षणी समीक्षा सुरू झाली.

ती कशी होत असे, याचे एक उदाहरण देतो. आमचे एक स्नेही मिरजेचे. अब्दुल करीमखाँसाहेबांच्या स्मरणार्थ मिरजेच्या दर्ग्यात दरवर्षी गाणे होते, त्या वातावरणात वाढलेले. किराणा घराण्याकडे त्यांचा ओढा असणे स्वाभाविक. आमचा कल जयपूरकडे. आमच्यात पत्रव्यवहार कमी आणि कॅसेटव्यवहार अधिक. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर एक कॅसेट इकडे, एक तिकडे. नियम एकच: नुसती नक्कल पाठवायची नाही. पाठवणाऱ्याने काहीतरी म्हटले पाहिजे, आणि ते निवडीतून म्हटले पाहिजे.

त्यांनी एकदा नव्वद मिनिटांची एक कॅसेट पाठवली. पहिल्या बाजूवर पाऊण तासभर चार-चार, पाच-पाच मिनिटांचे तुकडे. गायकांची नावे नाहीत, रागांची नावे नाहीत. ऐकू लागल्यावर कळले की भूप आणि देशकार आलटून पालटून लावले आहेत. या दोन्ही रागांचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. ग्रंथ सांगतो की भूपात गंधार वादी आणि देशकारात धैवत. भूप पूर्वांगाचा, रात्रीचा. देशकार उत्तरांगाचा, सकाळचा. हे वाक्य परीक्षेसाठी पाठ केलेले विद्यार्थी महाराष्ट्रात गल्लोगल्ली सापडतील. परंतु ते वाक्य ठाऊक असणे आणि गाणे सुरू झाल्यावर कितव्या स्वरसंगतीला कान 'देशकार' म्हणतो हे ठाऊक असणे, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. त्या कॅसेटने आम्हांला तेच विचारले. भूपातला गायक गंधार-रिषभाच्या आसपास रेंगाळतो. देशकारातला धैवतावर उभा राहतो आणि रिषभाला ओझरता स्पर्श करून निसटतो. पण एक गायक असा होता की त्याचा भूप धैवताकडे इतका झुकत होता की सीमा धूसर व्हावी. तो तुकडा मुद्दाम दोन वेळा घातला होता, एकदा भूपांच्या मध्ये, एकदा देशकारांच्या मध्ये. शेजार बदलल्याबरोबर तोच तुकडा निराळा ऐकू येत होता.

दुसऱ्या बाजूवर शुद्ध कल्याण. आरोह भूपाचा, आणि अवरोहात निषाद-मध्यमाचा ओझरता मार्ग. किराण्याच्या गळ्यांतून निषाद बराच स्पष्ट लागतो. इतर काही गायकांकडे तो मिंडीत इतका विरघळतो की राग भूपाच्या अंगणात येऊन बसतो. स्नेह्यांचा दावा अर्थातच किराण्याच्या बाजूने होता: स्वर दाखवावा, लपवू नये. आम्ही उत्तराची कॅसेट भरली ती याच्या विरुद्ध. जे लपवले जाते तेच रागाला भूपापासून वेगळे ठेवते, हे दाखवणाऱ्या जागा निवडल्या आणि त्यांचा क्रम असा लावला की निषाद उत्तरोत्तर पुसट होत जावा. त्यावर त्यांची उलट कॅसेट आली. हा वाद दोन वर्षे चालला. त्यातून आमच्या दोघांच्याही हाती लागले ते असे: रागाची सीमा ही रेघ नसते, रुंद पट्टा असतो, आणि त्या पट्ट्यात आपण कुठे उभे राहायचे हे प्रत्येक घराणे ठरवते. घराणे म्हणजे काय, या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर आम्हांला कुठल्या व्याख्यानात मिळालेले नाही.

वाचकहो, याला समीक्षा म्हणायचे नाही तर कशाला? निवड आहे, तुलना आहे, विधान आहे, त्याला पुरावा आहे, प्रतिवादाला जागा आहे. शब्द तेवढे कमी आहेत. आणि या समीक्षेची शिस्त कडक होती. पंचेचाळीस मिनिटांत बाजू संपते. पन्नास मिनिटांचा ख्याल हाती असेल तर काय सोडायचे हे ठरवावे लागते. सुरुवातीचा आलाप राखावा तर द्रुत जाते. द्रुत राखावे तर बढतीचा पाया जातो. कुठे कात्री लावायची या प्रश्नाचे उत्तर देताना माणूस त्या ख्यालाचा बांधा समजून घेतो. नकलेच्या नकलेत सळसळ वाढत जाते, म्हणून कुठली प्रत मूळ यंत्राच्या अधिक जवळची हेही पाहावे लागते. हे सारे काम एका माणसासाठी. तो ऐकणार, पूर्ण ऐकणार, आणि आपल्याला धरणार, ही जाणीव हातावर असे.

आता आमच्या विरोधकांकडे वळू. ते तीन जातींचे आहेत.

पहिले म्हणतात: आता सगळेच उपलब्ध आहे; कॅसेट पाठवण्याची गरज होती ती टंचाईमुळे. टंचाई संपली, गरज संपली. यातला पहिला भाग आम्हांला मान्य आहे, आणि आनंदाने मान्य आहे. अमीरखाँ १९७४ साली अपघातात गेले, तोवर त्यांच्या प्रकाशित ध्वनिमुद्रिका बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आज त्यांचे गाणे तासन्‌तास ऐकता येते, आणि ते प्रामुख्याने अशाच खाजगी मुद्रणांमुळे. कॅसेटवाल्यांनी जपले नसते तर आजच्या या समृद्धीत फार मोठे खिंडार असते, हे 'आता सगळे आहे' म्हणणाऱ्यांनी कृपया ध्यानात घ्यावे.

पण विहिरीला पाणी आहे म्हणून पोहरा नको, असे कुणी म्हणत नाही. उपलब्धता आणि निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हल्ली निवड यंत्र करते. त्या यंत्राला एकच गोष्ट कळते: तुम्ही उठून जाता कामा नये. म्हणून भूपानंतर ते तसाच आणखी एक भूप लावते. त्याच्या लेखी रागांचे वर्ग कोणते? झोपेसाठी, ध्यानासाठी, अभ्यासासाठी, मनःशांतीसाठी. ज्या रागाच्या स्वरसंगतींवर पिढ्यांनी डोकेफोड केली तो राग औषधाच्या बाटलीसारखा फळीवर ठेवला जातो. भूपाच्या शेजारी देशकार ठेवून तुम्हांला अस्वस्थ करणे हे त्या यंत्राच्या धर्मात बसत नाही. आणि अस्वस्थ केलेच, तर जाब कुणाला विचारणार? मिरजेच्या स्नेह्यांशी भांडता येत होते; यंत्राशी भांडण होत नाही.

कुणी म्हणेल, माणसेही निवडून पाठवतातच की. पाठवतात. दोनशे जणांच्या गटावर सकाळी सहाला एक दुवा येऊन पडतो. खाली जोडलेल्या हातांची चित्रे, 'अप्रतिम', 'दैवी', 'नतमस्तक'. पाठवणाऱ्याने तो पूर्ण ऐकलेला नसतो, घेणारेही ऐकत नाहीत. दोनशे जणांसाठी पाठवलेली वस्तू कुणासाठीच पाठवलेली नसते. पुराव्याच्या दुष्काळातून आलेली ती जुनी भक्ती पुराव्याच्या महापुरातही शाबूत राहिली, हा आमच्या काळाचा मोठा विनोद आहे. त्याचे कारण उघड आहे. पुरावा नुसता असून चालत नाही. तो कुणीतरी कुणासमोर मांडावा लागतो.

दुसरे विरोधक कायद्याचे पुस्तक उघडून येतात. त्यांच्या मते ही सगळी चोरीच होती. हा आरडाओरडा नवा नाही. ब्रिटनमधील ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या संघटनेने १९८१ साली कॅसेटची कवटी आणि तिच्याखाली दोन हाडे असे चित्र काढून, घरगुती ध्वनिमुद्रण संगीताचा जीव घेते आहे असा गजर केला होता. संगीत मेले नाही. जर्मनीने त्याआधीच, १९६५ सालच्या कायद्यात, ध्वनिमुद्रण यंत्रांवर थोडी आकारणी बसवून निर्मात्यांना वाटा देण्याची वाट काढली होती. अमेरिकेने १९९२ साली ग्राहकाच्या घरगुती, बिनव्यापारी नकलेला कायद्याने अभय दिले. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने खाजगी उपयोगासाठीच्या न्याय्य वापराची सवलत ध्वनिमुद्रणांपर्यंत पोहोचवली. म्हणजे घरगुती नक्कल आणि बाजारी नक्कल यांत फरक आहे, हे जगातील कायदेमंडळांना कळले. आमच्या नीतिमार्तंडांना कळायचे आहे.

हा फरक कॅसेटवाल्यांना पहिल्यापासून ठाऊक होता. त्यांचा एकच अलिखित दंडक होता: पैशाचा स्पर्श नाही. कोऱ्या कॅसेटच्या बदल्यात भरलेली कॅसेट, निवडीच्या बदल्यात निवड. खाजगी बैठकीची नक्कल करून विकणाऱ्याला त्या मंडळींत पुन्हा कुणी दार उघडत नसे. ऐंशीच्या दशकात रस्त्यारस्त्यावर बनावट कॅसेटींचा जो बाजार भरला, त्याच्याशी या व्यवहाराची गल्लत करणे म्हणजे शेजारणीला विरजण देणाऱ्या गृहिणीला दुधाची चोरटी व्यापारी ठरवण्यासारखे आहे.

तरीही एक आक्षेप उरतो, आणि तो कंपन्यांचा नसून कलावंतांचा आहे. म्हणून त्याला टाळून पुढे जाणे आम्ही अप्रामाणिकपणाचे समजतो. कलावंताची संमती होती का? भारतीय कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीपर्यंत प्रयोग सादर करणाऱ्या कलावंताला त्याच्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्कच नव्हता. कायद्याने हात वर केले होते. पण केसरबाई केरकर आपल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण होऊ देत नसत, हे सर्वश्रुत आहे. ज्या बाईंनी यंत्राला दारात उभे केले नाही त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अंतराळात गेली आणि आज अब्जावधी किलोमीटर दूर आहे. नियतीचा हा टोला त्यांनाही आवडला असता. परंतु त्यांच्या नकाराला अर्थ होता. आपली विद्या कुणी आयती उचलू नये, अर्धवट उतरलेले गाणे आपले म्हणून कुणी मिरवू नये, ही त्यामागची भीती खोटी नव्हती. बाईंसमोर पिशवीत यंत्र लपवून बसणाऱ्याचे समर्थन आम्ही करणार नाही. जिवंत कलावंताचा नकार हा नकारच असतो. मात्र एकदा ती फीत अस्तित्वात आली, कलावंत जाऊन दशके लोटली, त्या गायकीचे जाणते दोन हातांच्या बोटांवर आले, की प्रश्न बदलतो. तेव्हा ती फीत दडवणे हा बाईंचा सन्मान ठरत नाही. तो फक्त दडवणाऱ्याचा मोठेपणा ठरतो.

येथे आम्ही तिसऱ्या विरोधकांकडे येतो, आणि ते आमच्याच गोटातले आहेत. हे तिजोरीवाले. यांच्या कपाटात दुर्मीळ मैफली आहेत, आणि त्या आहेत हे सांगण्यापुरताच त्यांचा उपयोग आहे. 'ते माझ्याजवळ आहे' या वाक्यात ज्याचा संगीतानंद संपतो असा हा रसिक. मागायला आलेल्याला खालावलेल्या प्रतीची नक्कल द्यायची, शेवटची दोन मिनिटे मुद्दाम कापायची, कागदावर स्थळकाळ लिहायचा नाही, अशा क्लृप्त्या यांनी काढल्या. आमच्या ओळखीतच असे दोघे-तिघे होऊन गेले. देवाणघेवाणीची परंपरा स्वच्छ होती असा आमचा दावा नाही. ती बहुतेक पुरुषांची होती, शहरी होती, ज्याच्या घरी आधीच काही होते त्यालाच आणखी मिळत असे. पण त्या परंपरेचे दोष सांगताना हे लक्षात ठेवावे की ते देवाणघेवाणीचे दोष नव्हते, न देण्याचे दोष होते. संग्रह आणि विनिमय या परस्परविरोधी प्रवृत्ती आहेत. संग्राहकाची कॅसेट जितकी कमी वाजेल तितकी मौल्यवान. विनिमयातली कॅसेट जितक्या कानांवरून जाईल तितकी सार्थ.

या तिन्ही विरोधकांत एक साम्य आहे. सगळे कॅसेटमधल्या आवाजाकडे पाहतात. तिच्या डबीतल्या कागदाकडे कुणीच पाहत नाही. आणि आज खरोखर काय नष्ट होते आहे असे विचाराल तर आम्ही सांगू: तो कागद.

आपल्याकडे पोथी लिहून पूर्ण झाली की शेवटी लेखक पुष्पिका लिहीत असे: शके अमुक, मास अमुक, अमुक गावी, अमुकाने, अमुकासाठी लिहिली. त्या दोन ओळींवर पुढचे सगळे पाठसंशोधन उभे राहते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती अनेक पोथ्यांतले पाठभेद पाहून. डबीतला कागद ही कॅसेटची पुष्पिका होती. राग, ताल, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, कुणाच्या घरी, कुठल्या साली, कुणाच्या प्रतीवरून उतरवली: बारीक अक्षरांत हे सारे असे. साथीदारांचे नाव तर अनेकदा फक्त तिथेच असे. कित्येक गुणी तबलजी आणि पेटीवादक यांच्या आयुष्यभराच्या वादनाची एवढीच लेखी नोंद आहे.

आज घरातले वडीलधारे गेले की खोके बाहेर निघते. कुणी ते भंगारवाल्याला देतो. त्याहून बरा असेल तो मुद्रणे संगणकात उतरवतो, आणि कागद टाकून देतो. मग ती मुद्रणे महाजालावर अशी प्रकट होतात: 'दुर्मीळ मैफल, अवश्य ऐका'. साल नाही, स्थळ नाही, साथीदार नाहीत. कधी गायकाचे नावही चुकीचे. बॅटरीवरच्या यंत्रातले सेल उतरत आले असतील तर मुद्रण मंद गतीने होते, आणि नीट यंत्रावर लावले की स्वर चढा ऐकू येतो. काळी एकमध्ये गायिलेले पांढरी दोनमध्ये ऐकू येते, आणि लय उगाच चपळ वाटते. जुन्या मंडळींच्या कागदावर 'गती चढी आहे, यंत्र सावकाश करावे' अशी सूचना असे. ती गेली की उरतो तो खोटा पुरावा. त्यावरून उद्या कुणी प्रबंध लिहील की अमुक बुवा उतारवयात पट्टी चढवून गात असत.

म्हणून म्हणतो, श्राद्ध पुरे. ज्यांना कॅसेटविषयी खरोखर प्रेम आहे त्यांनी पेन्सिलीचे लेख लिहिण्याऐवजी तीन गोष्टी कराव्यात. घरातल्या खोक्यांतले कागद आधी जपावेत, आवाज उतरवताना कागदाचे छायाचित्र त्याच्यासोबत ठेवावे, आणि ज्या ओळखी पटतात त्या हयात माणसांना विचारून आजच लिहून काढाव्यात. ती माणसे ऐंशीच्या घरात आहेत. दुसरे, तिजोऱ्या उघडाव्यात. सत्यशील देशपांडे यांनी 'संवाद फाउंडेशन'च्या रूपाने निरनिराळ्या घराण्यांच्या गाण्याचा संग्रह उभा केला; मूळचे गोव्याचे राजन पर्रीकर यांनी आपल्या इंग्रजी लेखांत रागाच्या विवेचनाशेजारी अनेक गायकांचे ध्वनिखंड ठेवून, विधान आणि पुरावा एकाच पानावर आणले. आमच्या मते हे कॅसेटव्यवहाराचेच खरे वारस आहेत. मराठीत संगीतावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने आता असेच लिहायला हवे. ज्याच्याजवळ ध्वनिखंड देण्याची सोय आहे आणि तरी जो 'शब्दातीत' लिहितो, त्याचे लेखन आळसातून आलेले आहे असे समजण्यास हरकत नसावी.

आणि तिसरे, सर्वांत सोपे नि सर्वांत अवघड. एक माणूस निवडावा. ज्याची आवड आपल्याहून वेगळी आहे असा. त्याच्यासाठी दीड तासाचे गाणे निवडावे, क्रम लावावा, तो क्रम का लावला हे त्याला सांगू नये. साधन कुठलेही चालेल; फीत हवीच असा आमचा हट्ट नाही. मात्र नव्वद मिनिटांची मर्यादा पाळावी, आणि मोबदला मागावा: त्याने तेवढ्याच मिनिटांत आपले म्हणणे खोडून काढावे.